घसरते ते चाक की डोंगर?

पावसाळ्यात ‘कोकण रेल्वेवर गाडी घसरली’ अशी बातमी आली की मुंबई-ठाण्यातील कोकणी घरांत पहिला प्रश्न उमटतो, ‘कुठली गाडी?’ ‘मालगाडी’ असे उत्तर मिळाले की सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. जीवितहानी झाली नाही याचे समाधान स्वाभाविकच आहे. पण तेवढ्यावर विषय संपला असे मानणे, ही आपली जुनी सवय आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये गणपती अगदी तोंडावर आलेले असताना रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मालगाडीचे डबे घसरले आणि चाकरमान्यांच्या गाड्या ठिकठिकाणी खोळंबल्या. एकेरी मार्गावर मालगाडी आणि प्रवासी गाडी यांचे दैव एकाच रुळाला बांधलेले असते. म्हणूनच मालवाहतुकीचा प्रश्न हा केवळ व्यापाऱ्यांचा प्रश्न नव्हे.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग १९९० साली स्थापन झालेल्या महामंडळाने अवघ्या आठ वर्षांत उभा केला. प्रा. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांची राजकीय इच्छाशक्ती व ई. श्रीधरन यांचे अभियांत्रिकी नेतृत्व यांचा तो संगम होता. विचारसरणी कोणतीही असो, राष्ट्र उभारणीचे काम कसे करावे याचा तो वस्तुपाठ आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

याच महामंडळाने मालवाहतुकीत एक अस्सल देशी कल्पकता दाखविली. कोकणात ना मोठ्या खाणी, ना अवजड कारखान्यांची रांग. मग मालगाड्या भरायच्या कशाने? उत्तर महामार्गावरच धावत होते. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा अशी ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक उतरणीच्या धक्क्यावरून थेट सपाट वाघिणीवर चढवायचा, चाकांना पाचर लावायची, साखळदंडांनी जखडायचे आणि चालकासह तो घाटांपलीकडे नेऊन सोडायचा. डिझेल वाचते, ट्रकची झीज वाचते, चालकाचे जागरण वाचते आणि महामार्गावरील एक संभाव्य अपघातही टळतो. २०११ मध्ये ज्याच्या चौपदरीकरणाला हात घातला गेला त्या मुंबई-गोवा महामार्गाने किती घरांचे दिवे मालवले, हे आठवले म्हणजे या सेवेचे मोल कळते. २०२५ च्या गणेशोत्सवात हीच सोय खासगी मोटारींसाठी करण्यात आली. प्रतिसाद बेताचाच मिळाला, पण दिशा चुकीची नव्हती.

आता अपघातांकडे वळू. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवाशांना प्राण गमवावे लागले. वर्ष सरते न सरते तोच, १६ जून २००४ रोजी, करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळे पुलावरून कोसळली. दोन्ही वेळा चाक सुस्थितीत होते, रूळही शाबूत होता. घसरला तो डोंगर. (मे २०१४ मधील नागोठण्याजवळचा दिवा-सावंतवाडी पॅसेंजरचा अपघात अनेकदा याच खात्यावर मांडला जातो, तो मात्र मध्य रेल्वेच्या हद्दीतला.)

डोंगर का घसरतो? याचे उत्तर मार्गाच्या आखणीतच दडले आहे. गाड्या वेगाने धावाव्यात म्हणून चढ दीडशेस एक याहून तीव्र ठेवायचा नाही आणि वळणाची त्रिज्या साडेबाराशे मीटरहून कमी होऊ द्यायची नाही, असे ठरले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असा सरळ मार्ग न्यायचा म्हणजे डोंगराला वळसा नाही. तो पोखरायचा किंवा चिरायचा. म्हणून नव्वदच्या वर बोगदे आले आणि त्याबरोबर खोल कापण्याही आल्या. वर जांभा, खाली चिकण माती, त्याखाली कातळ. जांभा पाणी झिरपू देतो, माती ते धरून ठेवते. पाण्याला वाट मिळाली नाही की मातीची पकड सुटते आणि तिच्यावरचे दगड खाली येतात. निसर्गाकडून घेतलेले हे कर्ज आहे. त्याचे हप्ते दर पावसाळ्यात चुकते करावेच लागतात.

त्या दोन अपघातांनंतर महामंडळाने ते चुकते करण्यास गांभीर्याने सुरुवात केली, हेही नमूद केले पाहिजे. कापण्यांचे उतार सौम्य केले गेले, पोलादी जाळ्या बसविल्या गेल्या, पर्जन्यमापके आणि पुलांवर पूरसूचक यंत्रे आली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक, अतिवृष्टीत ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आणि धोक्याच्या कापण्यांवर अहोरात्र पहारा ठरला. छत्री-कंदील घेऊन रुळांवरून चालणाऱ्या त्या शेकडो गस्तवाल्यांचे ऋण प्रवासी कधी मोजत नाहीत. दरडीमुळे २००३-०४ सारखा संहार त्यानंतर या मार्गावर झालेला नाही, याचे मोठे श्रेय त्यांचे आहे. पण धोका संपलेला नाही. जून २०२१ मध्ये करबुडे बोगद्यात राजधानी एक्सप्रेस घसरली. सुदैवाने कोणी दगावले नाही. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि त्याच आठवड्यात दिवाणखवटीजवळ दरड आली. दोन्ही वेळा मार्ग बंद पडला.

येथेच मालगाडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मालवाघीण प्रवासी डब्यासारखी मऊ स्प्रिंगांवर तरंगत नाही. भरलेली असेल तर तिचा भार रुळाला दाबतो, रिकामी असेल तर हलकेपणामुळे चाकाची कड रुळावर चढण्याची भीती अधिक. खालची खडी भिजून बसली, रूळ तसूभर वाकडा झाला, तर प्रवासी डबा सावरून जातो तेथे वाघीण उतरते. रो-रोमध्ये तर वाघिणीवर ट्रक आणि ट्रकमध्ये माल असा दुहेरी तोल सांभाळायचा असतो. म्हणून ट्रकचे वजन, उंची आणि साखळदंडांची तपासणी हे सोपस्कार नव्हेत. तीच सुरक्षा आहे.

मग मालगाड्या कमी कराव्यात काय? मुळीच नाही. ट्रक महामार्गावर परत पाठविणे म्हणजे मृत्यूचे ठिकाण बदलणे होय. करावयाचे ते वेगळेच आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढचे दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने, किमान गर्दीच्या भागात, व्हायलाच हवे. परंतु दुसऱ्या रुळासाठी डोंगर पुन्हा चिरला जाईल. आधी पाण्याचा निचरा व उतारांचे बळकटीकरण आणि मगच सुरुंग, हा क्रम पाळला नाही तर आपण एका चुकीच्या दोन चुका करू.

दुसरा मुद्दा विलीनीकरणाचा. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवण्याच्या अटीसह. निधीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. कर्जाच्या ओझ्याखालचे महामंडळ डोंगराचे हप्ते किती दिवस भरणार? पण नावापेक्षा मोलाची आहे ती या डोंगराशी पंचवीस-तीस वर्षे झुंजून कमावलेली विद्या. कोणती कापणी केव्हा बोलते, कोणता ओहोळ कोठे फुटतो, हे दिल्लीच्या फायलीत लिहिलेले नसते. ते गस्तवाल्याला आणि विभागीय अभियंत्याला ठाऊक असते. विलीनीकरणात भू-सुरक्षेचा स्वतंत्र विभाग, त्याचा स्वतंत्र निधी आणि ही अनुभवी माणसे अबाधित राहतील, अशी हमी कोकणच्या लोकप्रतिनिधींनी मागून घ्यावी. थांबा मिळावा म्हणून निवेदने पुष्कळ दिली जातात. एखादे निवेदन कापणीच्या गटारासाठीही दिले जावे.