घड्याळ एकच, पण सूर्य वेगळा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मानोरा तालुक्यातील इंझोरीचे एक गृहस्थ डिसेंबरात अरुणाचल प्रदेशाच्या सहलीला निघाले. वय साठीच्या पुढचे, मधुमेह जुना, इन्सुलिन दोन वेळा. जाण्यापूर्वी त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, औषधांच्या वेळा बदलायच्या का?" मी म्हणालो, "देश एकच, घड्याळ एकच. बदलायचे काही कारण नाही."

माझे हे उत्तर चुकले.

वालाँगजवळचे डोंग हे चिमुकले गाव देशातील पहिल्या सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. पहाटे अंधारात डोंगर चढायचा म्हणून मंडळी सहालाच जेवून झोपायला गेली. आमच्या गृहस्थांना घरी साडेआठला इन्सुलिन घेऊन नऊला जेवायची सवय. घड्याळात साडेआठ वाजलेले पाहून त्यांनी नेहमीप्रमाणे सुई टोचून घेतली. रात्री अकराच्या सुमारास घामाने अंग भिजले, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखर उतरली होती. शुद्ध होती आणि सोबत्याने वेळीच साखरपाणी पाजले, म्हणून बचावले.

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. इंझोरी आणि डोंग यांच्यात सुमारे वीस अंशांचे अंतर, म्हणजे जवळपास सव्वा तासाचा फरक. त्यात डोंग बरेच उत्तरेला असल्याने हिवाळ्यात दिवसही लहान. डिसेंबरात तिकडे सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो, आपल्याकडे पावणेसहाला. आसामातील चहाच्या मळ्यांत म्हणूनच घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. देशासाठी दोन प्रमाणवेळा असाव्यात, असा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली मांडला होता. माझ्या मते तिकडच्या लोकांची मागणी रास्त आहे. पण तो निर्णय सरकारने घ्यायचा. आपल्या शरीराचा निर्णय आपल्या हाती आहे.

शरीरात स्वतःचे घड्याळ असते आणि त्याला चावी देतो तो सूर्यप्रकाश. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपले आजी-आजोबा दिवेलागणीनंतर जेवून निजत आणि कोंबडा आरवला की उठत, ते याच घड्याळाप्रमाणे. आज इंझोरीतही रात्री बारापर्यंत मोबाईल चालतो आणि सकाळी "झोप लागत नाही, गोळी द्या" म्हणून रुग्ण येतात. अशांनी प्रवास न करताच आपले घड्याळ बिघडवून घेतलेले असते.

डोंगला जरूर जावे. त्यासाठी इनर लाइन परमिट लागते, तेवढे आधी काढावे. मात्र मधुमेहींनी लक्षात ठेवावे की जेवणाआधीचे इन्सुलिन जेवणाशी बांधलेले असते, घड्याळाच्या काट्याशी नाही. जेवणाची वेळ बदलणार असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर औषधांचे वेळापत्रक लिहूनच घ्यावे.

आणि ज्यांना एवढे लांब जाणे जमत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. रामनवमीला आपल्याच तालुक्यातील पोहरादेवीला लाखो भाविक दुरून येतात, म्हणजे आपला भागही कोणासाठी तरी दूरचे आकर्षण आहेच. सूर्य इंझोरीच्या शिवारातही रोज उगवतो. सकाळी अर्धा तास बांधावर फिरून तो पाहावा. परमिट लागत नाही आणि रात्री झोपही चांगली लागते.

ते गृहस्थ परतल्यावर हसून म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, घड्याळ तर तेच होते!" तेव्हापासून प्रवासाला निघालेल्या प्रत्येक रुग्णाला मी आधी विचारतो, "तिथे जेवण किती वाजता?"