वायर घेताना छापील अक्षरे वाचा



घरात फरशी बसवायची झाली की आपण चार दुकाने फिरतो. वायर मात्र ‘मिस्त्री आणील ती’ असते, कारण ती पट्टीत जाते, पाहुण्यांना दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पत्र्याला टेकून गेलेली हीच वायर रात्री तापली, तर बाहेर पडायला दार एकच असते.

म्हणून आयएसआय चिन्हाची गोष्ट नीट समजून घेऊ. ही मूळ संस्था १९४७ साली निघाली. १९८७ पासून तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आले; चिन्ह तेच राहिले. घरातल्या पीव्हीसी वायरला ते सक्तीचे आहे. पण नुसते चिन्ह कोणीही छापील. खरे चिन्ह पाहा : त्याच्या वर ‘आयएस ६९४’ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे कारखान्याचा परवाना क्रमांक. हा खालचा क्रमांक महत्त्वाचा. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ नावाचे ॲप आहे. त्यात तो टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की नाही ते दिसते. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दुकानात बरोबर न्या, दोन मिनिटांचे काम आहे. वेष्टणावर नाव एक आणि परवाना दुसऱ्याचाच निघाला, तर माल परत करा. तक्रारही त्याच ॲपवर करता येते.

आपल्यापैकी बरेच जण पूर्ण बंडल घेत नाहीत, लागेल तेवढे मीटर कापून घेतात. त्यात वाईट काही नाही. मात्र ज्या बंडलातून कापले त्याचे वेष्टण दाखवायला सांगा. वायरच्या अंगावरही कंपनीचे नाव ठराविक अंतराने छापलेले असते. ओल्या फडक्याने पुसले जाणारे नाव असेल तर ती वायर नको.

आता जाडी. दुकानात अजून ‘तीन-वीस’ असे बोलले जाते. म्हणजे वीस गेजच्या तीन तारा, सुमारे २ चौरस मिलिमीटर. आज वायरवर चौरस मिलिमीटरच छापतात. दिवे-पंख्याला १ किंवा १.५, मोठ्या १६ अँपिअरच्या पिनेला २.५, गिझरला ४ घ्यावी. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी एकदम लावली की १५ अँपिअर वीज ओढली जाते. दिव्याच्या १ च्या वायरला हा भार पेलत नाही. मग फ्यूज उडतो, आणि कोणीतरी शहाणा त्यात जाड तार घालून देतो!

वायरवर ‘एफआर’ अक्षरे असली तर आग वायरवरून पुढे सहज पसरत नाही. ‘एफआर-एलएसएच’ असेल तर जळताना धूर व घातक वायू कमी निघतो. साध्या पीव्हीसीच्या धुराने घसा आणि डोळे जळतात, दार दिसत नाही. छोट्या खोलीत माणूस ज्वाळेच्या आधी धुराने गुदमरतो. परवडत असेल तर दुसरीच घ्या.

रंगाचेही असेच. हिरवी अर्थिंगची, काळी न्यूट्रलची, लाल फेजची. उरलेली हिरवी वायर फेजला जोडू देऊ नका. उद्या दुरुस्तीला येणारा पोरगा ती हिरवी म्हणून बिनधास्त हात लावील. तो बहुधा आपल्याच वस्तीतला, आयटीआय करून नुकता कामाला लागलेला असतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता; १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात स्थापन झाले. स्वस्त वीज हा आपला हक्कच. वायरीत मात्र चारशे-पाचशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही, कारण ती वीस-पंचवीस वर्षे भिंतीवर राहायची असते.

जयंतीच्या मंडपाला हेच लागू. गेल्या वर्षीची तुकडे जोडलेली वायर खांबाला गुंडाळू नका. तिथे लहान मुले हात लावतात. परवानाधारक वायरमनकडून काम करून घ्या आणि दुकानदाराकडून पक्के बिल मागून घ्या. बिलावर कंपनी आणि जाडी लिहून घ्यायला विसरू नका.

पुढील अंकात अर्थिंगविषयी.