इसब आणि कर्करोगाचें भय

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या पुतण्यानें इसबाचें मलम अकस्मात् टाकून दिलें. लहानपणापासून कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणींत इसब; खाजेनें कित्येक रात्रीं झोंप नाहीं. त्यांत कोणीसें त्यास सांगितलें कीं, तीव्र इसब असणारास कर्करोग होतो. मूळ दुःखांत भयाची भर पडली. असला प्रश्न आणखीही घरांत असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयावरील एक मोठी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. इंग्लंडांतील सुमारें ४,७२,००० व डेन्मार्कांतील सुमारें ४५,००० इसबग्रस्तांची तुलना तींत इसब नसलेल्या लोकांशीं केली होती. एकंदर कर्करोगाचें प्रमाण इसबग्रस्तांत विशेष वाढलेलें आढळलें नाहीं. मात्र लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, म्हणजे लिम्फोमाचा, धोका इंग्लंडांत थोडा अधिक दिसला. आणि अति तीव्र इसबांत त्याच्या एका प्रकाराचा धोका जवळजवळ दुप्पट भरला. डेन्मार्कांत ही वाढ कमी होती.

'दुप्पट' शब्दानें वाचकांनीं दचकूं नये. आम्ही वर्गांत मुलांस विचारीत असूं, दुप्पट खरी, पण कशाची? समजा, दहा हजारांत दोघांचे चौघे झाले. तरी ९,९९६ जण सुखरूपच राहिले. शिवाय कारण दीर्घकाळचा दाह कीं तीव्र औषधें, हें अशा पाहणीनें ठरत नाहीं.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. त्वचेचा एक लिम्फोमा आरंभीं हुबेहूब इसबासारखा दिसतो. म्हणून उतारवयांत प्रथमच उद्भवलेला, अथवा औषधास दाद न देणारा इसब त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा. जरूर तर त्वचेचा लहानसा तुकडा काढून ते तपासतात. काखेंत वा मानेंत गांठी टिकून राहिल्यास तेंही सांगावें.

आतां पुतण्याची गोष्ट पुरी करूं. मलम टाकून त्यानें एका वैदूची पुडी आणली होती. आंत काय आहे, हें वैदू सांगेना. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत इसबावर सोमलाचें द्रावण पाजीत. तें वर्षानुवर्षें घेणारांपैकीं कित्येकांस पुढें त्वचेचा कर्करोग झाला. कर्करोगाच्या भयानें ज्ञात औषध सोडावें आणि अज्ञात पुडी पोटांत घालावी, हा कसला विवेक?

पुडी आम्ही काढून घेतली व त्यास डॉक्टरांकडे नेलें. मलम पुन्हां सुरू झालें आहे. परवां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काल रात्रभर झोंपला हो पोर!" आम्हांस एवढें उत्तर पुरे आहे.