ब्लेंडर वापरता ना? मग वर्गणीही भरा
सांगलीत माझ्या ॲनिमेशनच्या वर्गात नऊ जुने संगणक आहेत. नऊही संगणकांवर ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर चालतं, फुकट. गेल्या आठवड्यात एका मुलीने त्यात बैल उभा केला. चालताना त्याचं वशिंड हलेना, म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी झगडत बसली. महागडं सॉफ्टवेअर तिच्यापर्यंत पोचलंच नसतं.

पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. ब्लेंडरची मूळ कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ मध्ये त्याचे निर्माते टॉन रोझेंडाल यांनी लोकांकडून १ लाख युरो जमवून त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. आज त्यावर पगारी प्रोग्रामर काम करतात. एनव्हिडिया, एएमडीसारख्या कंपन्या त्याच्या विकास निधीच्या सभासद झाल्या. २०१९ मध्ये एपिक गेम्सने १२ लाख डॉलर जाहीर केले. एवढे पैसे देऊनही मालकी कुणाकडे जात नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट याच ब्लेंडरवर घडला.

आपल्याकडचे स्टुडिओ आणि क्लासचालकही ब्लेंडरवर पोट भरतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गणपतीत मंडळाची पावती फाडता, तशी ब्लेंडरच्या या विकास निधीचीही दरवर्षी फाडा.