बंद पडलेला संगणक आणि दुरुस्तीचा हक्क

कोरपना तालुक्यातील शेतकऱ्याला जून-जुलै हे दोन महिने दुहेरी घाईचे असतात. एकीकडे कपाशी-सोयाबीनची पेरणी, दुसरीकडे कागदपत्रांची धावपळ. पीकविमा, पीककर्जासाठी सातबाराचा उतारा, मुलांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले, आधारची जोडणी ही सारी कामे आता सेवा केंद्रातील संगणकावरून होतात, आणि खरीप विम्याची मुदत बहुधा जुलैच्या अखेरीस संपते. नेमक्या याच दिवसांत वादळी पावसाने तारा तुटतात आणि वीज जाते. ज्या जिल्ह्यातील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, ज्या तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा येथे सिमेंटचे कारखाने उभे आहेत, तेथील खेड्यांत दिवा विझावा हा विरोधाभास नवा नाही. नवे आहे ते त्यातून होणारे एक नुकसान, ज्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. संगणकाच्या मूळ आज्ञावलीचे, म्हणजे फर्मवेअरचे, अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली, तर ते यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा राहतो. 'मदरबोर्ड गेला' असे सांगून दुकानदार मोकळा होतो. केंद्रचालकाला काही हजारांचा भुर्दंड बसतो आणि रांगेत उभ्या असलेल्या गोंड-कोलाम शेतकऱ्याची मुदत टळते.

हा प्रश्न किरकोळ तांत्रिक वाटेल. परंतु जनतेचे हक्क ज्या यंत्रातून वाट काढतात, त्या यंत्राची दुरुस्ती कोणाच्या हाती आहे हा प्रश्न किरकोळ नाही. म्हणून प्रथम यंत्रात काय बिघडते ते समजून घेतले पाहिजे.

मदरबोर्डवर बहुधा आठ पायांची एक लहानशी चिप असते. वीज मिळताच प्रोसेसर आपली पहिली आज्ञा या चिपमधून वाचतो. स्मृती, डिस्क, कळफलक व पडदा यांची ओळख पटवून पुढचा कारभार विंडोज किंवा लिनक्सकडे सोपविण्याचे काम येथील आज्ञावली करते. बायोस या नावाने ती परिचित आहे. अद्ययावतीकरणात या चिपवरील जुना मजकूर आधी पुसला जातो आणि मग नवा लिहिला जातो. पुसणे झाले आणि लिहिणे अर्धवट राहिले, म्हणजे यंत्राला पहिले पाऊलच टाकता येत नाही. यंत्राचे बाकी सर्व भाग धडधाकट असतात.

मग असे धोक्याचे काम करावयाचेच कशाला, असे कोणी विचारील. ते टाळता येत नाही हे त्याचे उत्तर आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ ला जी सुरक्षा-सामग्री लागते, तिच्यासाठी अनेक जुन्या यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये फेरफार करावे लागले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांना अवाजवी व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यावरचा उपायही नव्या फर्मवेअरच्या रूपानेच आला. कित्येकदा तर हे अद्ययावतीकरण विंडोजच्या नित्याच्या अद्ययावतीकरणासोबत आपोआपच येते. चालकाने कळ दाबलेली असते ती संगणक बंद करण्यासाठी. आत काय चालले आहे याचा त्याला पत्ताही नसतो.

अशा यंत्राला मृत ठरविण्याची घाई करू नये. पहिली दिलाशाची गोष्ट ही की, डिस्कवरील नोंदींना या बिघाडाने धक्का लागत नाही. फर्मवेअर मदरबोर्डवर असते, कागदपत्रे डिस्कवर. ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की काम पुढे चालू शकते. डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मात्र तिची अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी लागते. ती अगोदरच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

यानंतर धीराने एकेक पायरी चढावयाची असते. नव्या फर्मवेअरनंतर काही यंत्रे स्वतःहून दोन-तीनदा बंद-चालू होतात आणि स्मृतीची तपासणी करताना काही मिनिटे पडदा काळाच ठेवतात. तेवढा अवधी त्यांना द्यावा. तरीही हालचाल नसेल, तर विजेची तार काढून मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवावी, म्हणजे जुन्या मांडणीचा गोंधळ पुसला जातो. त्याने भागले नाही, तर निर्मात्याने स्वतःच ठेवलेली मागची वाट शोधावी. बऱ्याच यंत्रांत चिपचा एक लहानसा भाग सुरक्षित राखलेला असतो. योग्य नावाची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून ठरावीक कळा दाबल्या की तो भाग उरलेला मजकूर नव्याने लिहून घेतो. एचपीच्या अनेक यंत्रांत त्यासाठी विंडोज आणि बी या कळा, तर डेलच्या अनेक यंत्रांत कंट्रोल आणि एस्केप या कळा नेमलेल्या आहेत. काही मदरबोर्डांना यासाठी स्वतंत्र बटण असते व ते प्रोसेसरवाचूनही काम करते. काहींवर तर दुसरी राखीव चिपच बसविलेली असते.

हे सारे निष्फळ ठरले तरी शेवटचा उपाय उरतो. चिपला चिमटा लावून, किंवा ती सोडवून, बाहेरच्या प्रोग्रॅमरने तिच्यावर थेट लिहिता येते. सीएच ३४१ ए या नावाने मिळणारे हे साधन काही शे रुपयांत येते. त्याला जोडून वापरावयाची फ्लॅशरॉम ही आज्ञावली मुक्त आहे, कोणालाही विनामूल्य घेता येते. येथे घाई घातक ठरते. चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची हे आधी पाहावे लागते. या साधनाच्या काही स्वस्त आवृत्त्या चिपच्या पायांवर ५ व्होल्ट सोडतात, तेही तपासावे लागते. लिहिण्यापूर्वी चिपवरील जुना मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती जुळतात याची खात्री करून, जपून ठेवावा. यंत्राचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता आणि पुष्कळदा विंडोजचा परवानाही त्यातच असतो. मग निर्मात्याची फाइल लिहावी आणि पुन्हा वाचून पडताळावी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या अंगी जेवढी सावधगिरी असते, तेवढी येथे पुरते.

असे असताना मदरबोर्ड का फेकला जातो? कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर असे करीत चंद्रपूर गाठावयाचे, वर्धेला पूर असेल तर राजुऱ्याच्या पुलाशी अडून बसावयाचे, आणि तेथील कारागिराजवळही ना नकाशा, ना फाइल, ना शिक्षण. दुरुस्तीचे ज्ञान अवघड आहे म्हणून दुर्मीळ झाले असे नव्हे. ते विकणाऱ्याने आपल्याकडे ठेवून घेतले आहे. एके काळी हे असे नव्हते. आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या बायोसचा संपूर्ण मजकूर तांत्रिक पुस्तिकेत छापला होता. नक्कल करण्यास कायद्याची बंदी होती, वाचण्यास नव्हती. आज बहुतेक निर्माते मदरबोर्डचा नकाशादेखील प्रसिद्ध करीत नाहीत.

या संदर्भात देशाच्या इतिहासातील एक प्रकरण आठवणे उचित ठरेल. परकी चलन नियमन कायदा, १९७३ अन्वये परकी भांडवलाचा हिस्सा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि जनता राजवटीत, १९७८ मध्ये, ती कंपनी भारतातून निघून गेली. सरकारी कार्यालये, रेल्वे आणि विद्यापीठे यांतील तिची यंत्रे आता बंद पडणार, अशी भीती घातली जात होती. ती यंत्रे बंद पडली नाहीत. कॉम्प्यूटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीने देखभालीची जबाबदारी उचलली आणि भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालती ठेवली. पुढे हीच कंपनी सीएमसी म्हणून ओळखली गेली आणि रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणात तिचा मोठा वाटा राहिला. २००१ मध्ये सरकारने तिची मालकी टाटा समूहाला विकली. २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. दुरुस्ती हे सार्वजनिक कार्य आहे, हे ज्या देशाने एकदा सिद्ध करून दाखविले, त्या देशात आज तालुक्याच्या गावी आठ पायांची एक चिप लिहून देणारी सार्वजनिक व्यवस्था नाही.

निर्मात्यांचा युक्तिवाद असा की, फर्मवेअर खुले केले तर त्यात घातपात होईल. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. सीआयएच नावाच्या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी आशियातील असंख्य संगणकांच्या डिस्क पुसल्या आणि कित्येकांचे बायोसही नष्ट केले. भारतालाही त्याची झळ लागली. म्हणून निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी तपासूनच फर्मवेअर स्वीकारण्याची पद्धत रूढ झाली, हे योग्यच आहे. परंतु निर्मात्याने स्वाक्षरी केलेलीच फाइल पुन्हा भरण्यास मदत मागणाऱ्याला सुरक्षिततेचे कारण सांगून परत पाठविणे, याला काय म्हणावे? दाराला कुलूप हवे हे मान्य. घरमालकाला किल्लीच मिळू नये, हे मान्य होण्यासारखे नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीविषयी बंधनकारक निर्देश संमत केला. आपल्याकडे भर पोर्टलवरच राहिला आहे. कंपनीने माहिती द्यावी, ही अपेक्षा आहे. न दिल्यास काय, याचे उत्तर नाही.

हे उत्तर मिळेपर्यंत खेड्याने थांबण्याचे कारण नाही. सेवा केंद्रांना आणि ग्रामपंचायतींना यंत्रे पुरविताना प्रत्येक निविदेत तीन अटी असल्याच पाहिजेत: बिघडलेले फर्मवेअर पूर्ववत करण्याची सोय यंत्रातच असावी, त्याची फाइल व पद्धत यंत्राच्या आयुष्यभर खुली राहावी, आणि प्रत्येक यंत्रासोबत वीज गेल्यावर टिकाव धरणारी बॅटरी, म्हणजे यूपीएस, द्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे; तालुक्याच्या संस्थेत एक प्रोग्रॅमर, एक चिमटा आणि शिकविणारा एक माणूस दिला, तर आदिवासी तरुणांना हाताला काम आणि तालुक्याला दुरुस्ती केंद्र मिळेल. यास लागणाऱ्या साधनांचा खर्च एका नव्या मदरबोर्डाहून फारसा अधिक नाही.

याहून निकडीची मागणी आणखी एक आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. पण अर्ज दाखल झाला तरच ती मुदत सुरू होते आणि यंत्र बंद असेल तर अर्जच दाखल होत नाही. पीकविम्याच्या बाबतीत तर मुदत शेतकऱ्यावर आहे, यंत्रावर नाही. केंद्र बंद असलेल्या दिवशी तलाठी वा ग्रामसेवकाने कागदी अर्ज घेऊन तारखेची पोच द्यावी आणि ती तारीखच अर्जाची तारीख मानावी, असा आदेश शासनाने काढला पाहिजे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत या मागणीचे ठराव संमत करून घ्यावेत, ते तहसील कार्यालयात दाखल करावेत, आणि मागील हंगामात आपल्या गावचे केंद्र किती दिवस बंद होते याची यादी त्यांना जोडावी. ही यादी सरकारजवळ नाही. ती रांगेत उभे राहिलेल्यांजवळ आहे.