ओळख कोण देत नाही?

"तुझ्या त्या लिनक्सला साधं वायफाय ओळखता येत नाही!" हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आज लिहितोच.

मंडळी, ते ओळखतं हो! टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' द्या. कार्ड कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल, सगळं क्रमांकासकट हजर. 'डीमेसेज' वाचलंत तर पुष्कळदा ड्रायव्हरही सुरू झालेला दिसतो, फक्त फर्मवेअरची फाइल न मिळाल्यामुळे अडलेला. फर्मवेअर म्हणजे कार्डावरच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम. तो लिहिणार कंपनी, सोर्स दडवणार कंपनी, आणि तो इतरांना वाटू द्यायचा की नाही हेही तीच ठरवणार. मग शिव्या लिनक्सला का? विंडोजची तरी कुठे जन्मजात ओळख असते? लॅपटॉप बनवणारा आधीच सगळं भरून पाठवतो, इतकंच.

आमच्या डेबियनवाल्यांनाही सोडत नाही. सोर्स नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नको, हे सोवळं त्यांनी वर्षानुवर्षं पाळलं. फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटसाठी तीच फाइल हवी! किल्ली घरात, आपण दारात. शेवटी २०२२ साली मतदान करून त्यांनी हे बदललं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं.

काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचं मात्र येत नाही, कारण ते वाटायची परवानगीच नाही. तिथे फोन यूएसबीने जोडा, त्याचं इंटरनेट घ्या आणि 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' टाका.