चाळिशीतली इंग्रजी आणि मार्चचा पेपर



मुलुंडच्या एका ताईंचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. वय ४१. दिवसा कंपनीत पॅकिंगचे काम, संध्याकाळी रात्रशाळा, आणि येत्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा. गणिताची भीती नाही, घराचा जमाखर्च त्याच सांभाळतात. भीती इंग्रजीची. सराव परीक्षेत पेपर हातात पडला आणि हात गार पडले, पाठ केलेले सगळे डोक्यातून गेले. घरी वाचायला बसल्या की इंग्रजी माध्यमातली मुलगी उच्चार ऐकून हसते. "या वयात भाषा येते का हो?" एवढेच त्यांनी विचारले आहे.

ताई, येते. पण कशी येते ते समजून घ्या.

मुलगी ते शब्द बालवाडीपासून ऐकते आहे. लहानपणी कान तयार होतो, तो उच्चार तुम्हाला तसाच जमणार नाही हे कबूल करून टाका. तुमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. पहिलीपासून ती आली २००० साली. यात तुमचा काय दोष? मात्र नियम आणि अर्थ समजण्यात मोठी माणसे मागे नसतात. १९७८ साली हॉलंडमध्ये डच भाषा शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि मोठी माणसे पुढे होती, तीन ते पाच वर्षांची बाळे सर्वांत मागे. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची माहिती तपासली. व्याकरण सहज उचलण्याची शक्ती सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग मंदावते, असे त्यांना दिसले. मंदावते म्हणजे बंद पडत नाही.

आपल्या घरातलेच पाहा ना. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी त्रिशरण-पंचशील पाली भाषेत म्हटले. त्यात अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आया-आज्या होत्या. ऐकून ऐकून त्यांनी ते पाठ केले. तुम्हीही पत्रात लिहिता की वंदना लग्नानंतर सासूबाईंकडून शिकलात. म्हणजे एक परकी भाषा तुमच्या तोंडी आहेच. फरक एवढाच की पालीचा उच्चार आला आणि अर्थ अनेकांचा राहून गेला (हे आपण सगळ्यांनीच मनावर घ्यायला हवे), तर इंग्रजीत तुम्हाला अर्थ कळतो आणि जीभ अडखळते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारशी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे मोठेपणी स्वतःच्या कष्टाने शिकले. १९२१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातले. पालीचा शब्दकोश आणि व्याकरण त्यांनी संसदेच्या, मंत्रिपदाच्या धकाधकीच्या काळाच्या आगेमागे तयार केले. ते १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६व्या खंडात छापून आले. आणि गुणांचे म्हणाल, तर १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांवर.

आता गार पडलेल्या हातांविषयी. भीती वाटली की शरीर धोक्याच्या तयारीला लागते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, हात गार पडतात, छाती धडधडते. अभ्यास कच्चा असल्याची ती खूण नव्हे. विहारात आनापान शिकवतात, ते इथे उपयोगी पडते: श्वास आत येतो, बाहेर जातो, फक्त पाहायचे, बाहेरचा श्वास सावकाश सोडायचा. पण ही सवय आजपासून लावा. परीक्षेच्या वर्गात पहिल्यांदा करू म्हटले तर होणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घड्याळ लावून लिहिणे. तुम्ही वाचता पुष्कळ, लिहीत नाही, असे पत्रावरून वाटते. पुस्तक मिटून पत्रलेखन करा, निबंधाच्या दहा ओळी लिहा, मग पुस्तक उघडून चुका पाहा. रविवारी दुपारी जुना पेपर पूर्ण तीन तास बसून सोडवा. घरी गोंगाट असेल तर विहारात बसा. शिकागोच्या संशोधकांनी २०११ साली आणखी एक गोष्ट सांगितली: पेपरच्या आधी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर उतरवली, तर घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. सगळ्यांना लागू पडेलच असे नाही, पण कागद-पेनाला खर्च किती? पेपर हाती आल्यावर जो प्रश्न येतो तो आधी लिहा. आणि लेखी पेपरात तुमच्या उच्चाराला हसायला कोणी नसते.

विषय राहिलाच तर जून-जुलैला पुरवणी परीक्षा असते, त्याच विषयाला बसता येते.

घरच्यांनाही दोन शब्द. रात्री दहाला शाळेतून आलेल्या बाईने भांड्यांचा ढीग घासायचा आणि मग इंग्रजीचे शब्द पाठ करायचे, हे कसे जमावे? मार्चपर्यंत भांडी कोण घासणार, ते आजच ठरवा. मुलीने रोज पंधरा मिनिटे आईजवळ बसून शब्द ऐकवावेत, न हसता. आणि ताई, बदल्यात तुम्ही तिला वंदना शिकवा. तिचे पाली उच्चार कसे येतात, ते पुढच्या पत्रात कळवा.